गाडी धुतली, पण स्वच्छ झाली का?

रविवारी सकाळी कधी लवकर जाग आलीच (अशक्य आहे, पण समजा आली), तर हॉस्टेलच्या मागच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारून बघा. मेसमधून पोह्यांचा वास येत असतो, निम्मं हॉस्टेल साखरझोपेत असतं आणि पार्किंगमध्ये मात्र जोरदार अभिषेक चालू असतो. कुणी पल्सर धूत असतं, कुणी बाबांनी दिलेली जुनी वॅगन-आर, कुणी तर टूथब्रश घेऊन चाकांच्या खाचा घासत असतं. स्वतःचे कपडे आठवडाभर बादलीत भिजत पडलेले असतात, ते सोडा! सोमवारी स्टाफच्या गाड्या आल्या की त्यांचीही तीच तऱ्हा. बॉनेटमध्ये बघून भांग पाडावा अशी एकेकीची चमक.

हे सगळं बघायला छान वाटतं आणि माझा त्याला अजिबात विरोध नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. गाडी धुणं हे आपण स्वतःसाठी करतो, चारचौघांत बरी दिसावी म्हणून. आणि पीयूसी, विमा, लायसन्स, नंबर प्लेट हे सगळं आपण करतो ट्रॅफिकच्या मामासाठी, तेही मामा नाक्यावर उभा असेल तर. या दोन्हींमध्ये एक माणूस कायम राहूनच जातो. तो म्हणजे आपल्या गाडीच्या बाहेर, रस्त्यावर असलेला माणूस. खरं तर गाडीची स्वच्छता आणि गाडीचे कागद, दोन्ही त्याच्यासाठीच आहेत. एवढं एकच पटवून द्यायला हा लेख.

आधी एक खुलासा. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला कार वेगळी, बाईक वेगळी, ट्रेन वेगळी असं शिकवलं. मराठीत मात्र सगळ्याच गाड्या! आणि कळव्यात तर ‘कारशेड’मध्येसुद्धा कार नसून लोकल असतात. तर या लेखात गाडी म्हणजे मुख्यतः चारचाकी, पण दुचाकीवाल्यांनी ‘सुटलो’ म्हणून पान उलटू नये.

पाण्यापासून सुरुवात करू. नळाला लावलेल्या साध्या पाईपमधून मिनिटाला दहा-बारा लीटर पाणी सहज जातं. विश्वास बसत नसेल तर बादली आणि मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन मोजून बघा, सोपं प्रॅक्टिकल आहे. मिनिटाला बारा लीटर आणि वीस मिनिटं धरली तर एका गाडीला २४० लीटर झाले. शहराच्या पाणीपुरवठ्याचा हिशोब करताना माणशी रोज १३५ लीटर धरतात, हे आपल्या सिव्हिलवाल्यांना पाठच असेल. म्हणजे एक गाडी जवळजवळ दोघांचं दिवसभराचं पाणी पिऊन टाकते. कळवा-मुंब्र्याला एमआयडीसीमार्फत बारवी धरणाचं पाणी येतं. पाईपलाईनच्या दुरुस्तीसाठी ‘शटडाऊन’ जाहीर झाला की आपणच सगळ्यात आधी बादल्या अडवून बसतो आणि रेक्टर सरांच्या नावानं बोटं मोडतो. मग रविवारी काय होतं आपल्याला?

गाडी दोन बादल्यांत उत्तम धुता येते. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. फडका आधी साध्या पाण्यात पिळायचा, मगच शॅम्पूत बुडवायचा, म्हणजे धुळीचे कण पुन्हा पत्र्यावर घासले जात नाहीत. सुरुवात टपावरून, शेवट चाकांवर. आणि कोरड्या फडक्यानं धूळ पुसायची सवय असेल तर आजपासून बंद करा. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते गाडीच्या रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा कठीण असतात. उन्हात गाडीवर जे गोल गोल ओरखडे दिसतात ना, ते बहुतेक आपल्याच प्रेमाचे असतात!

आता हे पाणी जातं कुठे? पार्किंगमधून गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून ठाण्याच्या खाडीत. ही खाडी म्हणजे नुसतं वास येणारं पाणी नव्हे. २०१५ साली तिच्या एका भागाला फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केलं आणि २०२२ मध्ये तिला ‘रामसर’ पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. साबणाचा फेस एक वेळ ठीक, पण पार्किंगमध्येच ऑईल बदलून जुनं काळं ऑईल गटारात ओतणारे महाभागही आहेत. वापरलेलं इंजिन ऑईल हे २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. ते गोळा करून अधिकृत रिसायकलरकडे पाठवायचं असतं. ज्या गॅरेजमध्ये ऑईल बदलता, तिथे जुन्या ऑईलचं काय करतात हे एकदा विचारायला काय हरकत आहे?

धुण्याबद्दल आणखी एकच. आपण जिथे धुतो तिथे गाडी गंजत नाही आणि जिथे गंजते तिथे आपण धूत नाही. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचतं, त्यातून येताना चिखल गाडीच्या पोटाला आणि चाकांच्या वरच्या कमानींना जाऊन बसतो. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत ‘डिफरन्शियल एरेशन करोजन’ घोकलं होतं, आठवतंय? चिखलाच्या थराखाली ऑक्सिजन कमी पोहोचतो, म्हणून तिथला पत्रा ॲनोड बनतो आणि गंजायला लागतो. बाजूचा उघडा पत्रा मात्र छान राहतो. त्यात आपल्याकडे खाडीचा खारा वारा. पाच मार्कांसाठी पाठ केलेलं ते सगळं आपल्याच गाडीखाली चालू असतं! त्यामुळे पावसाळा संपला की एकदा तरी गाडी लिफ्टवर चढवून खालून धुवून घ्या. ब्रेकच्या पाईपलाही गंज लागतो. आणि ब्रेक लागला नाही तर त्याची किंमत फक्त मालकच देतो असं नाही.

आमच्या शाळेत असेंब्लीला सिस्टर एकेकाची तपासणी करायच्या. बूट चकचकीत आहेत का हे त्या कधीच बघत नसत, कारण ते सगळेच करून यायचे. त्या नखं बघायच्या आणि कॉलर उलटून बघायच्या. गाडीच्या बाबतीत कॉलर उलटून बघायची जागा म्हणजे सायलेन्सर.

पेट्रोलच्या गाडीत हवा आणि पेट्रोल यांचं वजनी प्रमाण साधारण १४.७ ला १ असलं की ज्वलन बरोबर होतं. हे प्रमाण जरा इकडेतिकडे झालं की कार्बन मोनॉक्साईड, न जळलेले हायड्रोकार्बन किंवा नायट्रोजनची ऑक्साईड वाढतात. सायलेन्सरच्या आधी बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या तिन्हींचं रूपांतर कार्बन डायऑक्साईड, पाण्याची वाफ आणि साध्या नायट्रोजनमध्ये करतो. पण त्यासाठी तो अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापलेला असावा लागतो आणि हवा-पेट्रोलचं ते प्रमाण लॅम्डा सेन्सरनं नीट सांभाळावं लागतं. एखादा स्पार्क प्लग नीट पेटत नसेल तर न जळलेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळू शकते. म्हणजे शे-दोनशे रुपयांच्या प्लगपायी हजारोंचा भाग गेला.

पीयूसीला नेमकं काय तपासतात हे आमच्या मेकॅनिकलच्या वर्गातसुद्धा फार जणांना सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. पेट्रोलच्या गाडीत इंजिन नुसतं चालू ठेवून धुरातला कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन मोजतात. बीएस-४ आणि बीएस-६ कारला मर्यादा आहे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. डिझेलला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धुरातून प्रकाश किती अडतो ते बघतात. नवीन गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही, त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना दर वर्षी आणि त्याआधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी काढावी लागते. चाचणीला जाताना गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून, गरम करून न्या. ही लबाडी नव्हे बरं का. कन्व्हर्टर थंड असेल तर चांगल्या गाडीचंही रीडिंग वाईट येतं.

खरी लबाडी वेगळीच. गेल्या सेमिस्टरला आमच्या बॅचचा एक मुलगा पीयूसी काढून आला आणि भलताच खूश होता. ‘अरे, सायलेन्सरमध्ये पाईप घातलाच नाही त्यानं! नंबर प्लेटचा फोटो घेतला, पैसे घेतले, सर्टिफिकेट हातात. दोन मिनिटांत काम.’ सगळ्यांनी त्याच्याकडून त्या सेंटरचा पत्ता घेतला! मला प्रश्न पडला की यात फायदा कुणाचा झाला? दुचाकीला पन्नासच्या आसपास आणि कारला सव्वाशे-दीडशे रुपये लागतात. तेवढ्या पैशात इंजिनाची छोटीशी रक्त-तपासणी होत होती. याने पैसे तर दिले, पण तपासणी न करता नुसता रिपोर्ट घरी आणला. पॅथॉलॉजीवाल्याने रक्त न काढताच ‘ऑल नॉर्मल’ लिहून दिलं तर आपण त्याला चहा पाजू का?

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असंही समजू नका. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं. त्यांच्या डिझेल गाड्यांतल्या सॉफ्टवेअरला आपली चाचणी चालू आहे हे ओळखता यायचं. चाचणीपुरता धूर स्वच्छ आणि रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साईड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत! जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये ते सॉफ्टवेअर होतं. याचा सुगावा ज्यांच्या कामातून लागला, ती टीम होती अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाची. मोजकी माणसं, डिकीत ठेवलेलं धूर मोजायचं यंत्र आणि लांबचा प्रवास. त्या टीममध्ये अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे आपल्याकडून शिकायला गेलेले इंजिनिअरही होते. इतकी मोठी कंपनी, पण सायलेन्सरमध्ये कुणीतरी खरोखर नळी घातली आणि पितळ उघडं पडलं. मग आपण इंजिनिअर होणार, आणि आपल्याला हवं काय, तर नळी न घालणारं सेंटर?

तसं बघितलं तर आपली पीयूसी काही परिपूर्ण चाचणी नाही. पेट्रोल गाडीतला नायट्रोजन ऑक्साईड तिच्यात मोजतच नाहीत आणि सूक्ष्म कणही नाहीत. पण म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. ताप मोजल्यानं सगळे आजार कळत नाहीत, पण म्हणून थर्मामीटर कुणी फेकून देत नाही. शिवाय एक चाचणी फुकट आहे. सकाळी गाडी चालू केल्यावर मागे जाऊन उभे राहा आणि धुराचा रंग बघा. काळा असेल तर इंधन जास्त जातंय. निळसर असेल तर इंजिन ऑईल जळतंय. गाडी तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला तर कूलंट आत शिरत असू शकतं. (थंडीत सुरुवातीला थोडी वाफ दिसते, तिला घाबरू नका.) एवढं बघायला ना आरटीओ लागतो ना पैसे.

आणि हा धूर जातो कुठे? संध्याकाळी सहानंतर कळवा नाक्यावर उभे राहा म्हणजे कळेल. नोव्हेंबर २०२२ मध्ये खाडीवरचा नवा पूल सुरू झाला, तरी नाक्यावरची गर्दी काही संपलेली नाही. गाड्या उभ्या आणि इंजिनं चालू. बाजूने क्लासची मुलं चालतायत, रिक्षाच्या रांगेत माणसं उभी आहेत, महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाकडे जाणारी ॲम्ब्युलन्स अडकलीय. आपण काचा वर करून एसी लावून बसतो. आपल्या गाडीचा धूर आपण सोडून सगळे घेतात.

आता कागदांकडे येऊ. विम्यात ‘थर्ड पार्टी’ हा शब्द आपण इतक्यांदा ऐकतो की त्याचा अर्थच विसरलोय. पहिली पार्टी म्हणजे गाडीचा मालक, दुसरी म्हणजे विमा कंपनी. मग तिसरी कोण? आपल्या मेसच्या मावशी पहाटे अंधारात विटाव्याहून चालत येतात, कारण सातच्या आत आपल्याला चहा लागतो. फूटपाथ जिथे आहे तिथे त्यावर टपऱ्या, म्हणून त्या रस्त्याच्या कडेनं चालतात. थर्ड पार्टी म्हणजे त्या. उद्या कुणाच्या गाडीनं त्यांना धक्का दिला आणि हाताला कायमचं काही झालं, तर त्यांचं घर कशावर चालणार? मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नं हा विमा सक्तीचा केलाय तो आपल्या गाडीसाठी नाही, त्यांच्यासाठी. म्हणूनच मृत्यू किंवा शारीरिक इजा झाली तर थर्ड पार्टी विम्यात भरपाईला वरची मर्यादा नसते.

आणि त्याची किंमत किती? २०२२ साली ठरलेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या बाईकला वर्षाला ७१४ रुपये, १००० सीसीपर्यंतच्या कारला २०९४ रुपये, कर वेगळा. बाईकचा हिशोब केला तर दिवसाला दोन रुपयेसुद्धा होत नाहीत. महिन्याला तीन-चार वडापाव कमी खा आणि मोकळे व्हा! विमा नसताना पकडलं गेलं तर कायद्यात पहिल्या वेळी २००० आणि पुन्हा सापडल्यास ४००० रुपये दंड आहे. पण दंड ही लहान गोष्ट झाली. विमा नसताना अपघात झाला तर न्यायालयानं ठरवलेली भरपाई मालकाच्या घरून जाते. आपल्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत मालक म्हणजे बाबा. पीएफ काढून आपली फी भरणारे बाबा.

यात एक फसवी जागा आहे, ती नीट वाचा. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकी घेताना पाच वर्षांचा आणि नवीन कार घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. चांगलीच गोष्ट आहे. पण पाच वर्षं काही करावं लागत नाही म्हटल्यावर माणूस विसरूनच जातो. २०२१ मध्ये नवीन घेतलेल्या बाईकचा विमा २०२६ मध्ये संपतो. दादानं घेतलेली बाईक आता तुम्ही चालवताय, दादा नोकरीला पुण्याला, रिन्यूअलचा मेसेज दादाच्या जुन्या नंबरवर. कळणार कुणाला?

मग येतं हॉस्टेलचं आवडतं वाक्य, ‘जरा चावी दे ना, नाक्यावर जाऊन येतो.’ मैत्रीत नाही म्हणायचं कसं? पण मागणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर चालवणाऱ्याला ५००० आणि चालवायला देणाऱ्यालाही ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फर्स्ट इयरला काही जण अजून सतराचेच असतात. अठराच्या आतल्या मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीचं रजिस्ट्रेशनही बारा महिन्यांसाठी रद्द होतं. ‘माझं लर्निंग आहे की!’ हेही नेहमीचं. कारसाठी लर्निंग लायसन्स म्हणजे पुढे-मागे लाल ‘एल’ आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस. शेजारी रूममेट बसून गाणी बदलत असेल तर तो धरत नाहीत!

‘पण विमा आहे ना, मग काय?’ असं एकानं मला विचारलं. २००४ मध्ये स्वर्ण सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं यावर सविस्तर निकाल दिलाय. चालकाकडे वैध लायसन्स नसलं तरी जखमी माणसाला वाऱ्यावर सोडता येत नाही, विमा कंपनीला आधी त्याला पैसे द्यायला सांगता येतं. पण मालकानं अट मोडली हे कंपनीनं सिद्ध केलं तर तेच पैसे ती मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे मेसच्या मावशींना भरपाई मिळेल, ते योग्यच आहे. पण चावी ज्यानं दिली त्याच्या घरी वसुलीचा कागद येईल. चावी देताना लायसन्स विचारणं हा मैत्रीचा अपमान नाही. उलट मागणाऱ्यानंच ते आधी दाखवावं.

सेकंडहँड गाडी घेणारे आणि विकणारे, तुमच्यासाठी वेगळी धोक्याची घंटा. सीनियर पास आउट होताना गाडी ज्युनियरला विकतो, पैसे हातात, चावी हातात, आणि आरसीवरचं नाव ‘बघू नंतर’. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की रजिस्ट्रेशन ज्याच्या नावावर, कायद्याच्या दृष्टीनं मालक तोच. त्या प्रकरणात गाडी विकून झाली होती, पुढे कितीतरी हात फिरली होती, तरी अपघाताची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्यावर आली. म्हणजे तुम्ही बंगलोरला नोकरी करताय आणि इथे कळव्यात तुमच्या नावाची गाडी कुणीतरी कुणालातरी ठोकतोय! फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घ्या. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं चौदा दिवसांत कळवायचं असतं.

नंबर प्लेटचंही तेच. ‘४१४१’ असं लिहायचं की ‘दादा’ वाचता यावं, ‘२१४’ चा ‘राम’ करायचा, ही कला महाराष्ट्रात फार फोफावलीय. नियम सरळ आहे, इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे, ठरलेल्या मापात. मला देवनागरी आकडे आवडतात, म्हणून तर या लेखात भरपूर वापरलेत, पण गाडीचा नंबर हा आपल्यासाठी नसतोच. धडक देऊन कुणी पळालं तर खाली पडलेल्या माणसाला दोन सेकंदांत वाचता आला पाहिजे, त्यासाठी तो आहे. आता हाय सिक्युरिटी नंबर प्लेट आली. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना ती आधीच असते, त्याआधीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात २०२५ मध्ये मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. आपण प्रत्येक वेळी ‘अजून वाढेल’ म्हणत बसलो. सबमिशनसारखंच!

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, ‘मुंब्रा बायपासवरून धूर ओकत कंटेनर जातात, त्यांना सोडून आमच्या गाड्या काय बघता?’ कंटेनरवर कारवाई व्हायलाच हवी. पण तो धूर ओकतो म्हणून माझ्या गाडीचा धूर अत्तर होत नाही. शिवाय ट्रकला फिटनेसच्या तपासणीसाठी ठरावीक काळानं आरटीओकडे जावं लागतं. खासगी गाडीला मात्र रजिस्ट्रेशन झाल्यावर थेट पंधरा वर्षांनी. ब्रिटनमध्ये ‘एमओटी’ नावाची चाचणी १९६० मध्ये सुरू झाली, तेव्हा फक्त दहा वर्षं जुन्या गाड्यांना होती. आता गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी ब्रेक, टायर, दिवे, स्टिअरिंग आणि धूर सगळं तपासतात. आपल्याकडे ती पंधरा वर्षं ब्रेक आणि टायर कोण बघणार? तुम्ही आणि मीच. टायरच्या खाचांत झीज दाखवणाऱ्या छोट्या उंच पट्ट्या असतात. रबर झिजून त्या पट्ट्यांच्या बरोबरीला आलं म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, कारचा टायर बदला. पावसात ब्रेक दाबल्यावर पुढचा माणूस वाचतो की नाही, ते त्या दीड मिलिमीटरवर ठरतं.

दुसरा आक्षेप, ‘हे सगळे पैसे काढायचे धंदे आहेत.’ काही ठिकाणी ते असतीलही, मी नाकारत नाही. पण त्याला सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे कागद पूर्ण असणं. ज्याचे कागद पूर्ण, त्याला घाम फुटत नाही. आणि कागद घरी राहिले ही सबब आता चालत नाही. डिजिलॉकर आणि एम-परिवहनमधले आरसी, लायसन्स वगैरे कायद्यानं ग्राह्य आहेत. मोबाईल तर आपण आंघोळीलासुद्धा नेतो.

नुसतं लिहून काही होत नाही, म्हणून तीन सूचना करते. पहिली स्टाफला. आपल्या मेकॅनिकलच्या लॅबमधला एक्झॉस्ट गॅस ॲनालायझर वर्षातून एकदा प्रॅक्टिकलपुरता बाहेर निघतो. दर सेमिस्टरला एक शनिवार तो पार्किंगमध्ये आणा. ज्याला हवं त्यानं गाडीचं रीडिंग घ्यावं. सर्टिफिकेट नको, दंड नको, नुसतं खरं रीडिंग. विद्यार्थ्यांचा प्रॅक्टिकलचा तासही होईल. आणि सर, तुमच्या गाड्याही आणा हं! दुसरी हॉस्टेल कमिटीला. गाडी आत ठेवायला स्टिकर देतोच, त्याच्या वहीत विमा आणि पीयूसीच्या तारखेचे दोन रकाने वाढवा. संपायच्या आधी पंधरा दिवस वॉचमन काकांनी नुसती आठवण करायची. तिसरी आपल्या सगळ्यांना. रविवारी पाईप बंद, बादल्या चालू.

आणि आज रात्री जेवण झाल्यावर पार्किंगमध्ये जा. गाडी चालू करून धूर बघा, टायर बघा, मोबाईलवर विम्याची आणि पीयूसीची तारीख बघा, आरसीवर नाव कुणाचं आहे ते बघा. दहा मिनिटंसुद्धा लागणार नाहीत. मावशी उद्या पहाटे पुन्हा त्याच रस्त्यानं चालत येणार आहेत. बघा, पटतंय का!